भुताची जात

घाटकोपरच्या आमच्या चाळीत संध्याकाळी दिवे गेले की मुले जिन्यावर जमत. गोष्टी बहुधा भुतांच्याच असत. मालवणकडचा मुलगा चकव्याची गोष्ट सांगे, साताऱ्याकडचा विहिरीतल्या आसरांची. एकदा दिवे गेले होते आणि शेवटच्या खोलीतले एक आजोबा आमच्यात येऊन बसले. त्यांनी खविसाची गोष्ट सुरू केली. अंगाने धिप्पाड, रंगाने काळाकुट्ट, रात्री नदीकाठी उभा राहणारा खवीस. कुणीतरी विचारले, "पण खवीस म्हणजे कोण?" आजोबा सहज म्हणाले, "मुसलमानाचे भूत." आणि मग त्यांना आठवले की अंधारात मीही बसलो आहे. ते एकदम गप्प झाले. गोष्ट तिथेच संपली.

मी घरी जाऊन दादीला विचारले. ती खेडकडची. तिच्या गाठीलाही भुतांची कमी नव्हती. ती हसली आणि म्हणाली, "मेल्यावर तरी जात सुटेल असे वाटले होते रे!"

तेव्हा मला त्यातला विनोद कळला नाही. पुढे आयुष्यभर मी भीतीच्या गोष्टी आवडीने वाचत आलो. नारायण धारप वाचले, रत्नाकर मतकरी वाचले, इंग्रजीतले जमतील तेवढे वाचले. 'तुमच्यासारखा शिकलेला माणूस असले काय वाचतो?' हा प्रश्न घरातल्यांनी, मित्रांनी आणि पुरोगामी चळवळीतल्या सहकाऱ्यांनी अनेकदा विचारला. त्याचे उत्तर शोधताना मला दादीचे ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवते. मराठीतल्या भयकथेचा इतिहास हा एका अर्थाने भुताची जात सुटत जाण्याचा इतिहास आहे, आणि तो लिहिला जात असताना उपनगरांतल्या आम्हा माणसांची जात मात्र अधिकाधिक घट्ट होत गेली.

०००

आपल्या लोकसमजुतीतल्या भुतांची यादी पाहिली तर ती गावच्या खानेसुमारीसारखी वाटते. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. इच्छा अपुरी राहिलेला ब्राह्मण समंध होतो. सवाशीण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. गावोगाव ही यादी थोडीफार बदलते; एका गावचा झोटिंग दुसऱ्या गावी वेगळ्या जातीचा निघतो. पण जात, लिंग आणि लग्न या तीन गोष्टी भुताला कुठेच सुटत नाहीत. खवीस हा शब्द अरबी 'खबीस'वरून आला. त्याचा अर्थ दुष्ट, अमंगळ. भाषा समुद्रावरून आली आणि तिच्याबरोबर एक भूतही किनाऱ्याला लागले. कित्येक गावांत ते मुसलमानाचे भूत ठरले. म्हणजे ज्याला गावाच्या कडेला राहायला जागा होती त्याला भुतांच्या यादीतही कडेलाच जागा मिळाली.

ही यादी लिहून ठेवण्याचे मोठे काम ज्यांच्या हातून झाले त्यांची गोष्टही चमत्कारिक आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार आणि लोकविद्येचा अभ्यासक होता. त्याने प्रश्नावली तयार करून शाळामास्तरांकडून गावोगावच्या समजुती गोळा करवल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आला असता अनंत कान्हेरे या तरुण क्रांतिकारकाने त्याला गोळ्या घातल्या. जॅक्सनची टिपणे आर. ई. एन्थोवेन याने संपादित केली आणि कोकणाचा भाग १९१५ साली छापून निघाला. कोकणातल्या भुतांचा हा दप्तरी पुरावा असा रक्ताच्या डागासह आपल्यापर्यंत आला आहे.

या गावभुतांबरोबर दुसरी एक परंपरा मराठीत आली ती छापखान्यातून. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या, आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांनी ते काम पुढे नेले. 'हातिमताई', 'गुलबकावली' यांचीही मराठी रूपे वाचली जात होती. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली 'मंजुघोषा' लिहिली तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी साधारण असे म्हटले की आपल्या लोकांच्या जगण्यात मनोरंजक असे काही घडतच नाही, म्हणून अद्भुताची वाट धरावी लागते. जिन, परी, राक्षस, तिलिस्मी महाल हे सारे मराठी वाचकाच्या घरात असे आले. कुणी त्यांना परके म्हटले नाही.

या अरबी कथांतली पहिलीच गोष्ट पाहा. एक व्यापारी खजूर खाऊन बी भिरकावतो. ती न दिसणाऱ्या जिनपुत्राला लागते आणि तो मरतो. जिन तलवार घेऊन उभा राहतो. तेवढ्यात तीन म्हातारे तिथे येतात आणि सौदा करतात: आम्ही आमच्या आयुष्यातली अद्भुत गोष्ट सांगू, आवडली तर या माणसाच्या रक्ताचा एक तृतीयांश वाटा आम्हाला दे. तीन गोष्टी होतात आणि व्यापारी सुटतो. ही गोष्ट सांगणारी शहरजादही रोज रात्री आपला जीव एका गोष्टीवर तोलत असते. भीती आणि कथा यांचे नाते इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी मांडलेले मला ठाऊक नाही. उगारलेली तलवार गोष्ट ऐकण्यासाठी थांबते आणि माणसाला सकाळपर्यंतचा वेळ मिळतो.

आपल्या भरतमुनींनीही नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानकाला जागा दिली. भय हा त्याचा स्थायिभाव. रंगमंचावरच्या वाघाला पाहून प्रेक्षक घाबरतो, पण उठून पळत नाही. ते भय त्याला चाखता येते. चाखता येणारे भय आणि पळायला लावणारे भय वेगळे, हे आपल्याकडे फार पूर्वीच कळलेले होते.

०००

स्वातंत्र्यानंतर मुंबई उत्तरेकडे पसरली. १९५० साली महापालिकेची हद्द वाढून अंधेरी आत आली, १९५७ साली बोरिवली आणि मुलुंडही बृहन्मुंबईत आले. गिरगाव, लालबागच्या चाळींतली माणसे हळूहळू पार्ले, गोरेगाव, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या 'ब्लॉक'मध्ये राहायला जाऊ लागली. चाळीत दार दिवसभर उघडे असे. ब्लॉकचे दार बंद झाले. त्याला आधी कडी आली, मग लॅच आणि मग बाहेर कोण आहे हे पाहायला काचेचे छिद्र. शेजारी राहणाऱ्याचे नाव पाटीवर वाचून कळू लागले.

गावच्या भुतांना या वस्तीत राहायला जागाच नव्हती. पिंपळ तोडलेले, विहिरी बुजवलेल्या, रस्त्यावर रात्रभर दिवे. मुंजाने करायचे काय? पण भीती गेली नाही. तिने फक्त पत्ता बदलला.

१९६८ साल मला चांगले आठवते. मी दहा वर्षांचा होतो. उत्तरेच्या उपनगरांत रात्री झोपडीत किंवा उघड्यावर झोपलेल्या माणसांच्या डोक्यात घाव घालून कुणीतरी त्यांना मारत होते. त्याआधी १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूलाही असेच हल्ले झाले होते. ऐन उकाड्यात लोक खिडक्या लावून झोपू लागले. काठ्या घेतलेली तरुण पोरे गल्लोगल्ली गस्त घालू लागली. आमच्या चाळीत सांगत की तो मारेकरी मांजर होतो आणि कौलांवरून जातो. एका रात्री खरोखरच एका मांजराला पोरांनी ठेचून मारले आणि सकाळी सगळे त्या मांजराच्या मेलेल्या तोंडाकडे बघत उभे राहिले, ते माणसात पालटते की काय म्हणून.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी रामन राघव पकडला गेला. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली मुंबई पोलिसांनी हा तपास केला. त्याने कबूल केलेल्या खुनांचा आकडा चाळीसच्या वर होता. खालच्या कोर्टाने फाशी सुनावली. पुढे तो मनोरुग्ण असल्याचे निष्पन्न झाले, १९८७ साली उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. त्याची कितीतरी नावे पोलिसांच्या नोंदीत होती. त्यांतले एक 'सिंधी दलवाई', दुसरे 'अण्णा', तिसरे 'तंबी', आणखी एक 'वेलुस्वामी'. एकाच माणसाला शहराने इतक्या प्रांतांची नावे लावली होती. वर्तमानपत्रातले त्याचे छायाचित्र पाहून मी फार निराश झालो. तो कुणासारखाही दिसत होता. आमच्या नळावर पाण्याला येणाऱ्या कुठल्याही माणसासारखा.

आणि याच सुमारास, १९७०च्या आसपास, रत्नाकर मतकरींच्या 'खेकडा' या संग्रहापासून मराठीत गूढकथा हा शब्द घट्ट रुजू लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असे मला म्हणायचे नाही. पण वाचक तयार झाला होता. राक्षस आपल्यासारखाच दिसतो, हे मुंबईकराला नुकतेच समजले होते.

०००

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८चा, मुंबईचा. सतरा वर्षांचे असण्याआधीच, १९५५ साली, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणी मुंबईवरून सादर झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि बँक ऑफ इंडियात वीस वर्षे नोकरी करून १९७८ साली पूर्णवेळ लेखनाकडे वळले. बँकेतली ही वीस वर्षे त्यांच्या गूढकथेत मला जागोजाग दिसतात. त्यांची माणसे नोकरदार आहेत. ती वेळेवर लोकल पकडतात, हप्ते भरतात, बायकोशी पगाराच्या गोष्टी बोलतात. कुणाला बढती हवी आहे, कुणाला मूल हवे आहे, कुणाला आजारी नातेवाईक नकोसा झाला आहे. या साध्या हवेपणातून किंवा नकोसेपणातून गोष्ट वाकडी होत जाते. शेवटच्या काही ओळींत वाचकाच्या लक्षात येते की दाराबाहेर कुणीच नव्हते. जे होते ते घरातच होते.

त्या आधीचे आणि त्या काळातलेच दुसरे मोठे नाव नारायण धारप यांचे. जन्म १९२५, मृत्यू १८ ऑगस्ट २००८, पुण्यात. धारप विज्ञानाचे पदवीधर. त्यांच्या कथांतले अमानवी बळ बाहेरून येते, वाड्यात, तळघरात, एखाद्या आडगावात दबा धरून बसते. त्याच्याशी लढायला 'समर्थ' नावाचा एक शक्तिमान पुरुष असतो. धारपांनी परदेशी भयकथेचे मराठीकरणही मोठ्या हिमतीने केले. स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या कादंबरीतला रक्तपिपासू त्यांनी 'लुचाई'त मराठी गावात आणून बसवला आणि वाचकाला तो परका वाटला नाही. त्यांच्या 'आजी' या कथेने राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाच्या मनात लहानपणी घर केले आणि त्यातून २०१८ सालचा 'तुंबाड' चित्रपट उभा राहिला. तोवर धारपांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

दोघांत मोठे कोण, हा वाद वाचनालयाच्या पायऱ्यांवर आम्ही पुष्कळ केला. घाटकोपर पूर्वेला एक खाजगी वाचनालय होते. महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडांची जुनी चवड खालच्या फळीवर आणि धारप-मतकरी मालकांच्या टेबलाजवळ, कारण ती पुस्तके परत येत नसत. धारपांची कादंबरी संपली की झोप लागे. समर्थ जागे आहेत हा भरवसा असे. मतकरींची कथा संपली की उठून आरशात पाहावेसे वाटे. आज मागे वळून पाहताना वाटते की वाचकाला दोन्हींची गरज होती. वाईटाचा पराभव होतो हे ऐकायला माणूस आसुसलेला असतो, आणि वाईट आपल्यातच असू शकते हे कुणीतरी हळूच सांगावे, अशीही त्याला आतून ओढ असते.

पण माझ्या दादीच्या वाक्याशी जाऊन भिडणारी गोष्ट मतकरींकडे आहे. त्यांच्या गूढकथेतले भूत कुठल्या जातीचे, हा प्रश्नच वाचकाला पडत नाही. त्यांच्या कथेत माणसाला झपाटते ते अपराधाची बोचणी, मत्सर, एकटेपण. मुंजा आणि खवीस यांची जी यादी शतकानुशतके चालत आली ती या कथांनी न बोलता निकालात काढली. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेला मी, हा खविसाच्या जातीतला मुलगा, प्रथमच अशा भीतीच्या गोष्टी वाचत होतो ज्यांत घाबरणारा मी असू शकत होतो. तोवर गोष्टीत माझ्यासाठी फक्त घाबरवणाऱ्याची जागा होती.

याचा अर्थ मतकरींना जात दिसत नव्हती असा नाही. ज्या वर्षी त्यांनी बँक सोडली त्याच सुमाराला त्यांनी 'लोककथा ७८' रंगभूमीवर आणले. खेड्यातल्या दलितांवरच्या अत्याचाराचे ते नाटक. तिथे एकही भूत नाही. गावातली हाडामासाची माणसे जे करतात तेवढे पुरे होते. कल्पनेतल्या भुताची जात काढून घेणारा हा लेखक खऱ्या अत्याचाराची जात मात्र नाव घेऊन सांगत होता. त्यांनी अलीबाबाची गोष्ट मराठी मुलांसाठी रंगमंचावर आणली आणि 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीणही. ती चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८च्या पुनरुज्जीवनात वैभव मांगले यांनी केली. बोरिवलीच्या, मुलुंडच्या नाट्यगृहांत बालनाट्याला येणारी पोरे चेटकिणीला पाहून आधी आईच्या कुशीत शिरतात, मग हसतात, मग तिला नाव घेऊन ओरडतात. भीतीला नाव घेऊन ओरडता येणे, हे माझ्या मते भयकथेने माणसाला दिलेले सर्वांत मोठे देणे आहे.

०००

आता चळवळीतल्या मित्रांच्या आक्षेपाकडे वळतो. अशा कथांनी अंधश्रद्धा वाढते, असे ते म्हणतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आला. ज्या राज्यात एवढी किंमत मोजावी लागते तिथे भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्याला प्रश्न विचारला जाणारच.

पण लोकलच्या डब्यात चिकटवलेली पत्रके पाहा. प्रेमात अपयश, नोकरी, संतती, सवत, वशीकरण, चोवीस तासांत इलाज. त्या बाबांची नावे पुष्कळदा आमच्याच नावांसारखी असतात, हे आपण मान खाली घालून मान्य केले पाहिजे. हा बाबा आणि धारप, मतकरी यांच्यात फरक काय? बाबा म्हणतो, हे खरे आहे, पैसे दे. लेखक म्हणतो, ही गोष्ट आहे, वाच आणि झोप. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर असते, प्रकाशकाचा पत्ता आत असतो, आणि शेवटच्या पानावर 'समाप्त' असते. या तीन गोष्टी किरकोळ वाटतात. त्या किती मोलाच्या आहेत हे मला १९९३च्या जानेवारीत कळले.

बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसे मेली. जोगेश्वरीत राधाबाई चाळीत एका हिंदू कुटुंबाला जाळून मारले गेले. ते घडले, ते भयंकर होते आणि त्याला कुठलेही 'पण' जोडता येत नाही. त्या बातमीवर स्वार होऊन जे पसरले ते मात्र घडलेले नव्हते. रात्री ट्रक भरून माणसे येणार आहेत. दुधात विष घातले आहे. समुद्रावरून होड्या लागल्या आहेत. प्रत्येक वस्तीत तीच गोष्ट, फक्त येणाऱ्यांची जात बदललेली.

तेव्हा मी नाल्याजवळच्या एका इमारतीत राहत होतो. आम्ही काही पुरुष आठ रात्री गच्चीवर जागलो. हातात क्रिकेटची बॅट आणि विजेऱ्या. नाल्यापलीकडच्या एका इमारतीच्या गच्चीवरही विजेऱ्या चमकत. त्या चमकल्या की आमच्यापैकी कुणीतरी म्हणे, "इशारा करतायत." मग आम्हीही विजेऱ्या लावून दाखवत असू, आम्ही जागे आहोत हे कळावे म्हणून.

पुढे सात-आठ वर्षांनी ऑफिसात एक सहकारी बदलून आले. मतकरींच्या कथांवरून आमची मैत्री जमली. पुस्तकांची देवघेव सुरू झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत राहण्याच्या जागेवरून विषय निघाला आणि कळले की ते त्या काळात नाल्यापलीकडच्या त्याच इमारतीत राहत. बराच वेळ आम्ही डबे समोर ठेवून बसलो. मग ते म्हणाले, "तुमच्या विजेऱ्या लागल्या की आमच्या बायका मुलांना पलंगाखाली घालत." मी म्हणालो, "आमच्याकडे पलंग नव्हता. आम्ही माळ्यावर चढवत होतो."

त्या आठ रात्री आम्ही दोघेही एकाच भयकथेतली पात्रे होतो. तिचा लेखक कोण ते दोघांनाही ठाऊक नव्हते. तिच्या मुखपृष्ठावर नाव नव्हते, मागे पत्ता नव्हता आणि 'समाप्त' तर आजपर्यंत कुणी लिहिलेले नाही.

०००

अफवा म्हणजे लेखक नसलेली भयकथा. तिची बांधणी जुन्या गावभुताच्या गोष्टीसारखीच असते: आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा, रात्री येणारा, मुले पळवणारा कुणीतरी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी सोलापूर जिल्ह्यातून आलेले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला मुलेचोरांच्याच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. आणि मेलेल्यांची राख थंड होण्याआधी त्या मरणालाही धर्म चिकटवण्यात आला. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असे सांगावे लागले. दादीची आठवण झाली. मारणाऱ्याच्या जातीचीही आता यादी द्यावी लागते.

त्याच टाळेबंदीत भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणारी माणसे मी पाहिली. भीती होती ती विषाणूची, आणि ती खरी होती. पण न दिसणाऱ्या विषाणूला घाबरायला मनाला जमत नाही. त्याला चेहरा लागतो. ज्याला चेहरा सापडत नाही तो शेजाऱ्याचा चेहरा उसना घेतो. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपण सहज वापरतो. तिचा मला लागलेला अर्थ असा, की राक्षस भित्र्याच्या मागे धावतो एवढेच नाही. भित्रा माणूसच त्याला पाठीवर घेऊन हिंडतो आणि दिसेल त्या दाराशी उतरवतो.

रत्नाकर मतकरींचे निधन १७ मे २०२० रोजी झाले, अंधेरीच्या मरोळमधल्या रुग्णालयात, करोनानेच. ज्यांनी पन्नास वर्षे बंद दारामागची भीती लिहिली ते सगळी दारे बंद असतानाच गेले. गर्दी नाही, रंगमंचावर अंत्यदर्शन नाही. शेवटच्या वर्षांत ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांकडून ते 'नाट्यजल्लोष'साठी नाटके बसवून घेत होते. ज्यांच्या दाराला लॅच नाही अशा घरांतली ती मुले. आपापल्या गल्लीतली भीती त्यांनी स्वतःच्या शब्दांत रंगमंचावर आणावी, त्यांनाही आपल्या गोष्टीखाली नाव लिहिता यावे, असे मतकरींना वाटत असणार, असे मी मानतो.

त्या मे महिन्यात माझी नात आमच्याकडे अडकली होती. वय नऊ. वीज गेली की तिला भुताची गोष्ट हवी असे. एका रात्री मी तिला खविसाची गोष्ट सांगायला घेतली. नदीकाठ आला, धिप्पाड आकृती आली. तिने मध्येच विचारले, "पण खवीस म्हणजे कोण, नाना?"

मी थोडा थांबलो. माझ्या लहानपणीचे ते आजोबा अशाच एका प्रश्नावर थांबले होते. ते वाईट नव्हते. त्यांना गोष्ट जशी मिळाली तशी ते सांगत होते. मला मात्र मधल्या साठ वर्षांत दुसऱ्याही गोष्टी वाचायला मिळाल्या होत्या.

"एक माणूस," मी म्हणालो. "त्याला कुणी गोष्ट सांगितली नाही, म्हणून तो रात्रीचा हिंडतो."

"मग आपण त्याला सांगू या," ती म्हणाली, आणि उठून खिडकी उघडायला गेली.